अर्धा मसुदा सगळ्यांसमोर: एक संस्था ऑनलाइन एकत्र काम करायला कशी शिकली

मुलांसाठी वाचनाचे उपक्रम चालवणारी एक छोटी संस्था आहे. नियमित काम करणारे वीसेक जण, त्यातले पगारी मोजके, बाकीचे नोकरी-शिक्षण सांभाळून वेळ देणारे. सगळ्यात धाकटी कार्यकर्ती कॉलेजात शिकते. सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे संस्थेचे सचिव, सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. एका वार्षिक अहवालापासून पुढच्या वार्षिक अहवालापर्यंतच्या काळात ही मंडळी एकाच फाइलवर मिळून लिहायला, माहिती एका जागी ठेवायला आणि सोशल मीडियावरचं पेज नीट सांभाळायला शिकली. मी त्यांना शिकवायला जात होते. संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. पण जे घडलं ते बारकाव्यांसकट लिहिते आहे, कारण अशा प्रशिक्षणांत बटणांची माहिती भरपूर मिळते आणि माणसं नेमकी कुठे अडतात हे मात्र कोणी सांगत नाही.

अहवाल कसा चुकला

सुरुवात एका छापील चुकीपासून झाली. त्या वर्षीचा अहवाल छापून आला आणि देणगीदारांच्या यादीत दोन नावं नव्हती. हिशेब बघणाऱ्या काकांनी ती नावं घातली होती, अगदी वेळेत घातली होती. पण ज्या फाइलमध्ये घातली ती फाइल छापखान्यात गेलीच नाही. गेली ती आधीची. सरांनी दोघा देणगीदारांना स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्याच बैठकीत ठरलं, की आता सगळं ऑनलाइन करायचं.

मी आधी त्या फाइली मागून घेतल्या. ‘अहवाल’, ‘अहवाल अंतिम’, ‘अहवाल अंतिम सुधारित’, ‘अहवाल सरांनी पाहिलेला’, ‘अहवाल सरांनी पाहिलेला नवा’. काही ईमेलवरून फिरलेल्या, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून. प्रत्येकीत काही ना काही सुधारलेलं होतं आणि कोणाच्याच कामात हलगर्जी नव्हती. फाइल पाठवली की पाठवणाऱ्याकडे एक प्रत उरते आणि घेणाऱ्याकडे दुसरी तयार होते. त्यानंतर दोन्हीकडे होणाऱ्या सुधारणा एकमेकींना भेटत नाहीत. पाच जणांनी मनापासून काम केलं आणि त्यातून पाच वेगळे अहवाल तयार झाले, इतकाच तो प्रकार.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपनेही यात भर घातली होती. ग्रुपवर निरोप लवकर पोचतो, पण तो तिथे टिकत नाही. सकाळी टाकलेली फाइल संध्याकाळपर्यंत शुभेच्छा, फोटो आणि फॉरवर्डच्या खाली जाते. पाठवलेला मेसेज दुरुस्त करायची सोय २०२३ मध्ये आली खरी, पण ती पहिल्या १५ मिनिटांपुरतीच. म्हणजे बैठकीची तारीख दुसऱ्या दिवशी बदलली तर जुनी तारीख वर तशीच राहते, नवी खाली येते, आणि शोधणाऱ्याला आधी कोणती सापडेल याचा भरवसा नाही. बोलण्यासाठी ग्रुप चांगला. कागद ठेवायची जागा म्हणून वापरला की गोंधळ ठरलेला.

पहिलं प्रशिक्षण

पहिलं प्रशिक्षण एका दुपारी झालं. प्रोजेक्टर लावून एकत्र लिहायचं डॉक, आकडे आणि नोंदी भरायचं शीट, सामाईक कॅलेंडर, कामांचा बोर्ड, व्हिडिओ कॉल असं सगळं दाखवलं गेलं. मंडळींनी लक्ष देऊन पाहिलं, वह्यांत टिपून घेतलं, प्रश्नही विचारले. नंतर काही दिवसांनी पाहिलं तर डॉकमध्ये वर शीर्षक होतं आणि खाली काहीच नव्हतं. बोर्डावरची सगळी कार्डं ‘करायचं आहे’ या रकान्यात होती तिथेच होती. काम मात्र थांबलेलं नव्हतं. ते जुन्या वाटेने, फाइल पाठवून, चालू होतं.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ‘हे अवघड आहे’ असं कोणीच म्हणत नव्हतं. म्हणून एकेकाशेजारी बसून ते डॉक उघडतात तेव्हा काय होतं हे बघायचं ठरवलं.

हिशेबाच्या काकांनी लॅपटॉपवर डॉक उघडलं आणि प्रस्तावनेचं पहिलं वाक्य लिहायला घेतलं. तीन-चार शब्द झाले असतील, तेवढ्यात दोन ओळी खाली एक हिरवी उभी रेघ लुकलुकायला लागली आणि तिच्यावर धाकट्या कार्यकर्तीचं नाव दिसलं. काकांचा हात थांबला. मग त्यांनी लिहिलेले शब्द एक-एक करून खोडले, डॉक बंद केलं आणि वही काढली. वहीत परिच्छेद पूर्ण केला, दोनदा वाचला, आणि मग डॉक उघडून तो एका दमात टाइप केला. मी विचारलं तर म्हणाले, “अहो, माझं वाक्य अजून व्हायचंय आणि ती बघतेय.”

ती कार्यकर्ती मात्र काकांचं लिखाण बघत नव्हती. तिची अडचण वेगळीच होती. सरांच्या परिच्छेदात तिला बदल सुचत होता, कर्सर तिथे नेऊन ती थांबली होती. “सरांच्या वाक्याला मी कसा हात लावू?” सरांची तक्रार याच्या नेमकी उलट. त्यांच्या एका वाक्यातला शब्द कोणीतरी बदलला होता. बदल चांगला होता, हे त्यांनाही मान्य होतं. “पण कोणी बदलला ते कळेना. कोणी काही बोललं नाही, वाक्य मात्र वेगळं.”

तिघांनाही बटणं येत होती. आपल्याकडे लिहिण्याची शिस्त कच्च्या आणि पक्क्या वहीची आहे. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, कारण ती दुसरं कोणी बघत नाही. दुसऱ्यापुढे जाते ती पक्की. सामाईक डॉकने या दोन वह्यांमधलं अंतरच काढून टाकलं होतं, कच्ची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवली होती, आणि प्रशिक्षणात याबद्दल अवाक्षर नव्हतं. ज्याला आयुष्यभर नीट लिहून झाल्यावरच दाखवायची सवय आहे त्याच्यासाठी हा बदल मोठा आहे. त्याला ‘तंत्रज्ञानाची भीती’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तंत्राचा भाग तर केव्हाच सुटलेला आहे. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भरलेल्या सभागृहासमोर, सुमारे ५० किलोमीटरवर बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच पडद्यावर काम करून दाखवलं होतं. एकाच मजकुरात एक जण वरची ओळ खोडतोय आणि त्याच क्षणी दुसरा खाली शब्द घालतोय, तर दोघांचे बदल आपापल्या जागी कसे बसवायचे, याची पद्धत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. गूगलने २००६ मध्ये इंटरनेटवर मजकूर लिहायची रायटली ही सेवा विकत घेतली आणि तिच्यातून गूगल डॉक्स उभं राहिलं. आज त्यातल्या एका फाइलवर एकाच वेळी १०० जण लिहू शकतात. आमच्या वीस जणांचं अडलं होतं ते एकमेकांसमोर लिहिण्यापाशी.

मुद्दाम खोडायचा तास

दुसऱ्या वेळी बाकी सगळी साधनं बाजूला ठेवली. कॅलेंडर नाही, बोर्ड नाही, फक्त एक डॉक. विषयही असा घेतला की ज्यात कोणाचीच प्रतिष्ठा पणाला लागत नाही: मुलं सगळ्यात जास्त कोणती पुस्तकं मागतात याची यादी. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं आणि मग प्रत्येकाने दुसऱ्याचं काहीतरी मुद्दाम खोडायचं.

पहिली काही मिनिटं कोणी खोडेना. मग सरांनीच सुरुवात केली. त्यांनी पूर्ण मजकूर निवडला आणि डिलीट दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावर कोरं पान. एक-दोघींच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. त्यानंतर आवृत्त्यांचा इतिहास उघडला. डावीकडे कोरं झालेलं पान, उजवीकडे वेळांची यादी, प्रत्येक वेळेखाली त्या-त्या माणसाचं नाव आणि रंग. सरांनी दोन मिनिटांपूर्वीची वेळ निवडली, ‘ही आवृत्ती परत आणा’ दाबलं आणि यादी जशीच्या तशी परत आली. सरांनी विचारलं, “म्हणजे इथे काही हरवतच नाही?”

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता, आणि त्याचं उत्तर पूर्ण ‘हो’ असं नाही. फाइलच्या आत खोडलेलं परत मिळतं. पण अख्खी फाइल कचऱ्याच्या टोपलीत गेली तर गूगल ड्राइव्ह, म्हणजे या फाइली जिथे साठवल्या जातात ती सेवा, ती ३० दिवसांनी कायमची काढून टाकतं. शिवाय फाइल ज्याच्या खात्यात आहे त्यानेच ती टाकून दिली किंवा ते खातंच बंद झालं, तर बाकीच्यांच्या हातात काही उरत नाही. हे त्याच तासात सांगितलं, कारण दिलासा खरा हवा.

मला विचाराल तर त्या दिवशी खरं शिकणं झालं. लिहायला नव्हे, खोडायला हात धजावला. आणि सरांची तक्रारही आपोआप मिटली, कारण कोणी बदललं हे आता कोणालाही विचारायची गरज नव्हती, ते दिसत होतं.

दुसरी गोष्ट ‘सुचवणी’ची. डॉकमध्ये एक पद्धत अशी असते की तुम्ही बदल केला तरी मूळ शब्द जात नाही. त्यावर रेघ येते, तुमचे शब्द वेगळ्या रंगात दिसतात आणि कडेला ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ असा पर्याय येतो. धाकट्या कार्यकर्तीने पहिली सुचवणी सरांच्याच परिच्छेदावर केली. सरांचं वाक्य होतं: ‘सदर उपक्रमास मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ तिने सुचवलं: ‘पहिल्या दिवशी नऊ मुलं आली होती, महिनाअखेरीस बसायला जागा पुरेना.’ सोबत कॉमेंट: “सर, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय झालं ते कळेल. चालेल का?” दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर आलं: “चालेल. पण नऊ की अकरा? हजेरी बघ.” तिने हजेरी बघितली. अकरा होती. तिने आकडा बदलला, सरांनी सुचवणी स्वीकारली.

एवढ्याशा देवाणघेवाणीत वाक्य सुधारलं, आकडा सुधारला, आणि सत्तरीतल्या माणसाचं लिखाण विशीतल्या मुलीने बदललं तरी कोणाचा मान कमी झाला नाही. समोरासमोर ती हे बोलली असती असं मला वाटत नाही. थेट वाक्य बदलण्यापेक्षा ‘चालेल का’ असं विचारायची जागा त्या साधनाने तिला दिली होती.

डॉकच्या अगदी वर एक ओळ लिहायची पद्धतही तेव्हाच पडली. ‘कच्चं आहे, फक्त भर घाला.’ नंतर ती ओळ बदलून ‘आता भाषा बघा.’ शेवटी ‘फक्त आकडे आणि नावं तपासा.’ मजकूर कोणत्या टप्प्यावर आहे हे कळलं की काय करायचं आणि काय नाही हेही कळतं. अर्धवट परिच्छेदातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसणारे हात थांबले आणि काकांचा जीव भांड्यात पडला. तरीही काकांनी आपला हिशेबाचा भाग वेगळ्या, फक्त स्वतःच्या फाइलमध्ये लिहायचं ठरवलं, आणि पूर्ण झाल्यावर सामाईक डॉकमध्ये आणून टाकायचं. काही जणांना हे नियमाबाहेरचं वाटलं. मला ते योग्य वाटलं. उघड्यावर लिहिता आलं पाहिजे हे खरं, पण एकांतात विचार करायची मुभाही राहिली पाहिजे. अट एकच होती, तपासणीच्या दिवसाआधी मजकूर सामाईक जागी यावा. तो दरवेळी आला.

शीट कोण भरणार

अहवालाचं डॉक मार्गी लागलं, तरी आठवड्याच्या हजेरीचं शीट रखडत होतं. वाचनकेंद्र सांभाळणाऱ्या ताईंनी दर शनिवारी मुलांची संख्या आणि दिलेली पुस्तकं भरायची होती. स्मरणपत्रं जायची, आकडे येत नसत. शेवटी कार्यालयातून फोन करून विचारायचे आणि तिथेच कोणीतरी भरायचं.

जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८८ मध्ये अशा साधनांच्या अपयशाचं एक कारण मांडलं होतं: जास्तीचं काम एकाला पडतं आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. सामाईक कॅलेंडरचं उदाहरण त्याने घेतलं होतं. बैठक ठरवणाऱ्याचं काम सोपं होतं, पण त्यासाठी आपलं कॅलेंडर भरत बसायचं काम बाकीच्यांवर येतं. आमच्या शीटमध्ये हुबेहूब हेच होतं. ताईंचं काम वाढलं होतं, सोय कार्यालयाची झाली होती. त्यांना आळशी म्हणणं सोपं होतं आणि बैठकीत एकाने तसं म्हटलंही. एका ताईंनी तिथेच विचारलं, “ते भरून मला काय कळतं?”

या प्रश्नावरच शीट नव्याने केलं. ताईंना रोज लागणारी माहिती कोणती? कोणतं पुस्तक कोणत्या मुलाकडे आहे आणि किती दिवस झाले. आधी ती त्यांच्या वहीत असायची. आता ताईंनी पुस्तक दिल्याची नोंद केली की परत यायची तारीख समोर येते, तारीख उलटली की रकाना लाल होतो, आणि कार्यालयाला हवी असलेली आठवड्याची बेरीज त्याच नोंदींमधून आपोआप निघते. ताई आता शीट उघडतात ते स्वतःसाठी. स्मरणपत्रं बंद झाली.

एक छोटी दुरुस्ती फार कामाला आली. केंद्राचं नाव जो तो आपल्या मनाने लिहायचा, ‘केंद्र १’, ‘केंद्र-१’, ‘पहिलं केंद्र’. माणसाला ते एकच वाटतं, बेरजेच्या सूत्राला तीन वेगळी केंद्रं वाटतात. तिथे टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायची सोय केली आणि महिनाअखेरची बेरीज पहिल्यांदा हातच्या हिशेबाशी जुळली.

एका ताईंना टाइप करणं जमत नाही, डोळ्यांना त्रास होतो. त्या व्हॉइस मेसेज पाठवतात आणि शेजारच्या केंद्राच्या ताई त्यांच्या नोंदी भरतात. याला मी उणीव मानत नाही. माहिती वेळेवर योग्य जागी येते आहे आणि दोघींनी ते आपसात ठरवलेलं आहे.

उघडी लिंक

या सगळ्या काळातली सगळ्यात गंभीर गोष्ट याच शीटबाबत घडली. एका कार्यकर्तीच्या लक्षात आलं, की शीटच्या वरच्या कोपऱ्यात जिथे आपली नावं दिसतात तिथे अनोळखी प्राण्यांची चिन्हं दिसताहेत. नावाने न बोलावलेलं कोणी लिंकवरून फाइल उघडली की गूगल त्या माणसाच्या जागी अशी चिन्हं दाखवतं. म्हणजे कोणीतरी बाहेरचं आत होतं.

शोध घेतला तेव्हा साखळी उलगडली. सुरुवातीला एका ताईंना शीट उघडेना. परवानगी मागणारे ईमेल येत राहिले, वैतागून कोणीतरी सेटिंग ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं करून टाकलं. पुढे तीच लिंक पालकांच्या मोठ्या ग्रुपवर गेली, कारण पाठवणाऱ्याला वेळापत्रकाची लिंक पाठवायची होती. शीटमध्ये मुलांची नावं होती आणि पालकांचे फोन नंबर.

सेटिंग तिथल्या तिथे बंद केलं. पण बंद केल्याने पुढचं बघणं थांबतं, आधी कोणी प्रत उतरवून घेतली असेल तर ती परत येत नाही. हे कार्यकर्त्यांना पटवून द्यावं लागलं, कारण ‘झालं, आता बंद केलं’ असं म्हणून विषय संपवायचा मोह सगळ्यांनाच होता. सरांनी तो होऊ दिला नाही. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी स्वतः लिहिलं: काय उघडं राहिलं, कधी बंद केलं, आणि संस्थेच्या नावाने कोणी फोन करून काही मागितलं तर देऊ नका. दोन पालक रागावले. बाकीच्यांनी सांगितल्याबद्दल आभार मानले.

यानंतर शीट दोन झाली. पुस्तकं आणि हजेरीचं एक, त्यात मुलाचं फक्त पहिलं नाव आणि क्रमांक. फोन नंबरचं दुसरं, ते फक्त तिघांना, नावानिशी. संस्था सोडून गेलेल्यांची नावं परवानगीच्या यादीतून काढायचं काम तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलं. हे शेवटचं पाऊल मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सेटिंग एकदा लावून विसरायची गोष्ट नाही, माणसं येतात-जातात तशी ती बदलायला हवी.

पेजची किल्ली कोणाकडे

सोशल मीडियाचं पेज सगळ्यांनी मिळून एकाच खात्यावरून चालवलं जात होतं. पासवर्ड पाच जणांना माहीत. वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकीने नव्या फोनवरून लॉगइन केलं आणि खात्याने ओटीपी मागितला. ओटीपी गेला आधीच्या कार्यकर्तीच्या फोनवर. तिने संस्था सोडली होती, मनात काही नव्हतं, पण ती प्रवासात होती आणि फोन लागेना. कार्यक्रमाची वेळ बदललेली, पेजवर जुनी वेळ, आणि आत शिरायचा रस्ता नाही. रात्री उशिरा ओटीपी मिळाला.

फेसबुकच्या नियमांनुसार आपला पासवर्ड दुसऱ्याला द्यायचाच नसतो. पेजसाठी त्याची गरजही नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या खात्यावरून पेजवर काम करायची परवानगी देता येते, कोणाला पूर्ण अधिकार तर कोणाला फक्त पोस्ट आणि कॉमेंटचं काम. तसं केलं. पूर्ण अधिकार दोघांकडे ठेवले, एकाकडेच कधीही नाही. फोन हाताशी नसला तरी संस्थेच्या ईमेलमध्ये शिरता यावं म्हणून गूगल दहा राखीव कोड देतं आणि त्यातला प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून हिशेबाच्या कपाटात ठेवले.

पेजवर काय टाकायचं हा त्यानंतरचा विषय. आधी सगळ्या पोस्ट म्हणजे चित्रं असायची आणि तारीख, वेळ, पत्ता सगळं त्या चित्राच्या आत. दृष्टिहीन माणसाचं फोन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चित्रातला असा मजकूर अनेकदा नीट वाचू शकत नाही, आणि शोधल्यावरही तो सापडत नाही. आता महत्त्वाची माहिती चित्राबाहेर, साध्या शब्दांत लिहिली जाते आणि चित्राला वर्णन जोडलं जातं. इन्स्टाग्रामवर ही सोय २०१८ पासून आहे.

लाइक किती आले याची चर्चा बैठकीत बरीच व्हायची. एका पोस्टला भरपूर लाइक होते आणि तिच्याच खाली एका आईचा प्रश्न होता, ‘माझ्या मुलीला प्रवेश कसा मिळेल?’ तो कितीतरी दिवस अनुत्तरित पडून होता. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कोणीतरी उत्तर दिलं असेल. आता आठवड्याला एक माणूस ठरलेला असतो, कॉमेंट बघायचं काम त्याचं. माझ्या मते या संस्थेने पेजबाबत केलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. ती मुलगी आता केंद्रात येते.

फॉरवर्डच्या बाबतीत एक प्रसंग थोडक्यात टळला. मोफत पुस्तकांसाठी अर्ज भरा, असा मेसेज ग्रुपवर आला आणि एकाने तो पेजवर टाकायला घेतला. मेसेजवर दुहेरी बाण होता. अनेक हातांतून फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप हे चिन्ह दाखवतं, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. चिन्ह दिसलं की मूळ कुठे आहे ते शोधायचं, सापडलं नाही तर पेजवर टाकायचं नाही, असं ठरलं.

दुसरा अहवाल

पुढच्या वर्षीचा अहवाल एकाच डॉकमध्ये लिहिला गेला. छापखान्याकडे गेलेली फाइल एकाच व्यक्तीने, ठरलेल्या दिवशी, शेवटच्या तपासणीनंतर तयार केली आणि नावात तारीख घातली. त्या दिवसानंतर डॉकमध्ये सगळ्यांना फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. देणगीदारांची यादी काकांनी हिशेबाच्या शीटवरून मिळवून घेतली. नावं पूर्ण होती.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका केंद्राचं काम बंद करावं लागलं होतं आणि अहवालात त्याचं कारण कसं लिहायचं यावर कॉमेंट सुरू झाल्या. उत्तराला उत्तर, त्याला उत्तर. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. ‘हे पुन्हा तपासावं’ एवढ्या साध्या वाक्यात एका ताईंना आरोप दिसला आणि त्यांनी दोन दिवस डॉक उघडलं नाही. शेवटी सरांनी फोन केला. दहा मिनिटांत ते वाक्य ठरलं. तेव्हापासून एका कॉमेंटखाली तीन उत्तरं झाली की फोन करायचा असा संकेत आहे, आणि फोनवर जे ठरेल ते त्याच कॉमेंटखाली एका ओळीत लिहायचं, म्हणजे बाकीच्यांनाही कळतं.

कामांचा बोर्ड कोणी वापरत नाही. तो कायमचा बंद केला. वीस जणांच्या या कामाला बैठकीच्या टिपणाखाली ‘कोण, काय, कधीपर्यंत’ अशी यादी पुरते, आणि जे पुरतं त्याच्यावर आणखी एक साधन लादायचं कारण नाही.

मालकीचा प्रश्न अगदी शेवटी सुटला. अहवाल, शीट, सगळं त्या धाकट्या कार्यकर्तीच्या वैयक्तिक खात्यात होतं, कारण पहिली फाइल तिने उघडली होती. तिला नोकरी लागली तेव्हा हे लक्षात आलं. संस्थेच्या खात्याला तिने प्रत्येक फाइलची मालकी देऊ केली. समोरच्याने ती स्वीकारेपर्यंत मालकी बदलत नाही, म्हणून सर कार्यालयात बसून एकेक विनंती स्वीकारत गेले. तिची संपादनाची परवानगी मात्र तिच्याच इच्छेवरून कायम ठेवली आहे.

जुन्या फोटोंचं काम अजून राहिलं आहे. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय मुलाचा फोटो पेजवर टाकायचा नाही, चेहऱ्यासोबत पूर्ण नाव किंवा शाळा लिहायची नाही, असं आता पक्कं ठरलं आहे. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला याची नोंदही फाइलसोबत जाऊ शकते, हेही सगळ्यांना सांगून झालं आहे. पण आधीच्या वर्षांचे बरेच फोटो पेजवर आहेत आणि त्यांच्या परवानगीची नोंद नाही. दोन ताई पालकांना फोन करताहेत. होकार मिळेपर्यंत ते फोटो लोकांना दिसणार नाहीत असे करून ठेवले आहेत.